नऊ इंची कपाट

रामबागेतल्या आमच्या घराचं दार अर्धं उघडतं आणि थबकतं. बाहेरच्याने फटीतून हात घालून आधी चपला सारायच्या, मग आडवं होऊन आत यायचं. जावईसुद्धा तसेच येतात.

घरात माणसं पाच, जोड एकवीस. (तीन जोडांवर कुणीच हक्क सांगत नाही.) वर तीन हेल्मेटं, आईची काडी मोडलेली छत्री, आणि कचरा. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचा गृहपाठ आमच्या दारात चालतो: ओला, सुका, प्लास्टिक, मेलेले चार्जर. गाडी सहा प्रकार वेगळे घेते. सहाही आधी माझ्या पायात येतात.

म्हणून चपलांचं कपाट करायचं ठरवलं. पॅसेज चार फूट रुंद, तेव्हा कपाट नऊ इंच खोल, असं मी जाहीर केलं. मिस्त्रीने माझ्या पायांकडे पाहिलं.

"भिया, जूता कित्ते नंबर का?"

"दस."

"फिर नी आएगा."

मी ऐकतो होय! अठरा एमएमचा प्लाय, वर सनमायका, पावसाळ्यात बूट बुरसू नयेत म्हणून जाळीची दारं. देखणं काम झालं. मग बूट ठेवला. बूट साडेअकरा इंच निघाला. इतकी वर्षं पायात घालतोय, पण मोजायची वेळ कधी आलीच नव्हती.

"बाबा, तिरके ठेवा ना," चिरंजीव म्हणाले. तिरके ठेवले तर एका खणात दीड जोड मावतो. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

बायकोने मात्र नऊ इंचात नीट बसणारी वस्तू दोन दिवसांत शोधली. पुण्याला कुणी निघालं की बरोबर द्यायला आणलेली शेवेची पाकिटं! "कपाट कोरं आहे, एक चप्पल शिवलेली नाही त्याला," म्हणाली. आता चार खण शेव, एक खण लवंगी शेव. एकवीस जोड होते तिथेच, आणि पॅसेज नऊ इंचांनी अरुंद.

काल सकाळी कचरागाडीचं गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं. दोन्ही हातांत बादल्या, पायाला लागलं ते चढवलं आणि धावलो. बादल्या रिकाम्या करता करता गाडीवरचा पोरगा खाली बघत राहिला. एका पायात माझी फ्लोटर, दुसऱ्यात आईची अंगठ्याची.

"अंकल, कचरा तो बढ़िया अलग करते हो," तो म्हणाला, "चप्पल भी कर लिया करो."