सेन्सर ठीक, पण वणवा झोडपायला माणूस?

जंगलातला वणवा लवकर ओळखण्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की झाडांवरचे सेन्सर ज्वाळा दिसण्याआधीच कार्बन मोनॉक्साइड हुंगतील आणि ड्रोन जाऊन खात्री करेल. कल्पना चांगलीच आहे. उपग्रहाचा इशारा मिळतो, पण त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटरचा चौकोन, आणि तोही उपग्रह डोक्यावरून गेला तरच.

मी मुलुंडला राहते, गॅलरीतून संजय गांधी नॅशनल पार्कचा डोंगर दिसतो. गेल्या एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला उतारावर लाल रेघ सरकताना दिसली. फोन केला, तर उचलायलाच कोणी नाही! तासाभराने चार-पाच बॅटऱ्या हलताना दिसल्या. हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवली त्यांनी. म्हणजे वणवा दिसला होता, अडलं ते पुढेच.

आणि मुंबईत सेन्सरला धूर कमी का मिळणार आहे? पार्काला खेटून वस्त्या, रोज कुठे ना कुठे कचरा पेटलेला. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून लोक आवाज बंद करून ठेवतील (आमच्या सोसायटीच्या फायर अलार्मचं तेच झालंय). ते सेन्सर आधी इथल्या हवेवर पारखून घ्या.

२०२४ला पार्कात कारवी (डोंगरउतारावरचं झुडूप) फुलली. फुलून गेली की ती मरते आणि तिच्या वाळक्या काड्या उभ्याच राहतात, नुसतं सरपण. पहिले सेन्सर तिथे लावा. ड्रोन मात्र जपून उडवा. रातवा पक्षी उन्हाळ्यातच जमिनीवर अंडी घालतो. आणि जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे) यंदा तरी फेब्रुवारीआधी काढणार का?