‘स्टँडर्ड लायब्ररी छोटीच हवी’? मग ‘कुऱ्हाडे’ शोधून दाखवा

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या पोरांत सध्या एक वाक्य फार फिरतंय: ‘चांगल्या भाषेची स्टँडर्ड लायब्ररी छोटी असते. बाकी सगळं पॅकेजमधून एका ओळीत येतं, लायब्ररीत गेलेलं मात्र कुजतं. रस्ट बघा.’ (स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे भाषेबरोबरच मिळणारं तयार सामान; पॅकेज म्हणजे इतरांनी लिहिलेलं, बाहेरून आणायचं. रस्ट ही छोट्या लायब्ररीची एक भाषा.)

एका ओळीत येतं, हे खरंच. तसंच ते जातंही. मार्च 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेजांच्या कोठारातून) काढलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्यांची बिल्डं पडली, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होईनात, कारण बॅबेल या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या पोटात ते होतं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे जागा भरायची! 2017 च्या मानकात ‘पॅडस्टार्ट’ म्हणून जावास्क्रिप्टने ते आत घेतलं.

तरी पडलेलं बिल्ड परवडलं, ते निदान ओरडतं. गप्प राहून चुकणारं काम जास्त महागात पडतं. सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या पेढीची उधारी प्रोग्रॅमवर घ्यायची आहे असं धरा. ग्राहक ‘कुऱ्हाडे’. यातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठतो: एकच कोड 0931, किंवा ‘र’चा 0930 आणि त्यामागे नुक्त्याचा (अक्षराखालच्या ठिपक्याचा) 093सी. हे कोड म्हणजे युनिकोड या मानकाने अक्षरांना दिलेले क्रमांक. कुठला येईल ते कीबोर्डवर ठरतं. पडद्यावर दोन्ही सारखे, पण प्रोग्रॅमच्या लेखी वेगळे. एकाच माणसाची दोन खाती होतात आणि उधारीची बाकी कुठेच जुळत नाही. उपाय असा की नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा ते एनएफसी या युनिकोडने ठरवलेल्या एकाच रूपात आणायचं. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ हाताशीच आहे, जावास्क्रिप्टमध्येही ‘नॉर्मलाइझ’ आहे. गो आणि रस्ट या भाषांमध्ये त्यासाठी बाहेरचं पॅकेज आणावं लागतं. आणि जे हाताशी नसतं ते आणायचं आहे, हे सुचतच नाही.

पैशांचंही तेच. पायथनमध्ये साध्या ‘फ्लोट’ने 2.675 दोन स्थळांपर्यंत गोल केलं की 2.67 मिळतात, कारण फ्लोट हा आकडा अंदाजेच साठवतो. ‘डेसिमल’ वापरा, आकडा अवतरणात मजकूर म्हणून द्या (नाहीतर आधीची चूक आत येते) आणि ‘राउंड हाफ अप’ स्पष्ट सांगा. न सांगितल्यास 0.125 चे 0.12 होतात, हिशेबनीसाला 0.13 हवे असतात.

‘लायब्ररीत गेलं की कुजतं’ हे अर्धं खरं आहे. जावाची जुनी ‘डेट’ महिने शून्यापासून मोजते, वर्षातून 1900 वजा करते. धड पर्याय 2014 मध्ये जावा 8 बरोबर आला. पायथन 3.13 ने ऑक्टोबर 2024 मध्ये टेलनेट, सीजीआय (दोन्ही इंटरनेटच्या जुन्या पद्धती) वगैरेंची 19 मॉड्यूल काढली. पण यातलं बरंच काही बाहेरचं जग बदलल्याने शिळं झालं होतं. त्यावर तोड म्हणजे इंटरफेस (वापरायची ठरलेली पद्धत) आत, बदलणारी माहिती बाहेर. आपल्या पेढीचे टॉवेल जर्मनीला जातात असं धरा. तिथलं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. पायथनचं ‘झोनइन्फो’ लायब्ररीत आहे, वेळेचे नियम मात्र ते सिस्टिमकडून घेतं. विंडोजवर ते नसतात, तिथे ‘टीझेडडेटा’ पॅकेज टाकायला विसरलात तर प्रोग्रॅम पहिल्याच टाइमझोनला अडतो.

राहिलं रस्ट. तिथे ‘फ्युचर’ (पुढे मिळणाऱ्या उत्तराचा ट्रेट, म्हणजे ठरलेला करार) 2019 पासून आत आहे, पण असिंक, म्हणजे वाट बघत न थांबता होणाऱ्या वाचनाचा ट्रेट बाहेरच राहिला. टोकियो या पॅकेजचा वेगळा, फ्युचर्स क्रेटचा (क्रेट म्हणजे रस्टचं पॅकेज) वेगळा. एकाचं सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) दुसऱ्याच्या फंक्शनला द्यायचं तर मध्ये आवरण घालावं लागतं. गोमध्ये फाइल, नेटवर्क, जीझिप सगळे एकच ‘रीडर’ बोलतात, कारण तो पहिल्यापासून लायब्ररीत आहे. अनोळखी माणसांनी लिहिलेल्या दोन पॅकेजांना जे एकमेकांच्या हातात द्यायचं असतं, ते आतच हवं. रस्टचं रेजेक्स (मजकुरात नमुने शोधायचं साधन) बाहेर राहूनही छान चाललंय ते त्यामुळेच: पॅकेजं सहसा एकमेकांना रेजेक्स देत नाहीत, मजकूर देतात, आणि मजकुराचा प्रकार रस्टनेही आतच ठेवलाय.