‘साचे उगाच पडत नाहीत’ म्हणणाऱ्यांस

आंब्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या देवगडातल्या ग्रुपांवर एक मेसेज हिंडायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: माणसांबद्दलचे साचे उगाच पडत नाहीत, ते अनुभवातून पडतात. कोकणी माणूस आळशी. कोकणी माणूस खेकडा, वर चढणाऱ्याचे पाय ओढणारा. आणि धंदा करायचा तर असे साचे हवेतच, वेळ वाचतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, त्यातले तिघे कोकणीच. म्हणून हे उत्तर.

आधी आळस. मे महिन्यात पाहुणा येतो, नऊला उठतो आणि दुपारी बाराला पडवीत कोणी आडवा दिसला की त्याचं मत तयार. तो आडवा झालेला माणूस पहाटे झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन बागेत गेलेला असतो. ऊन चढलं की आंब्याची काढणी थांबवतात, तापलेलं फळ टिकत नाही. ‘भातानंतर दुसरं पीक का घेत नाहीत?’ पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो हे खरं, पण खाली जांभा आहे, चाळणीसारखा. एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. पंप बसवायला कर्ज काढावं म्हटलं तर सातबाऱ्यावर वीस नावं: निम्मी मुंबईत, दोन-तीन हयात नाहीत, एकाशी चुलत्याच्या काळापासून अबोला. सह्या गोळा करता करता माणूस म्हातारा होतो.

आणि राबणारे गेले कुठे ते जनगणनेत दिसतं. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१पेक्षा कमी झाली होती. पुरुष मुंबईला. पूर्वी हेच लोक गिरण्यांत पाळ्या करत होते, तिथे त्यांना आळशी म्हणून कोणी घरी पाठवलं नाही. मागे लावणीच्या चिखलात वाकलेल्या असतात त्या बायका. पण मेसेजातला ‘कोकणी माणूस’ म्हणजे पडवीतला पुरुष. जुलैच्या पावसात पाहुणा नसतो, त्यामुळे त्या बाईची मोजदादच होत नाही.

(उलटा मेसेजही कृपा करून पाठवू नका: टिळक रत्नागिरीचे, महर्षी कर्वे आणि पां. वा. काणे इथलेच, म्हणून कोकणी माणूस मुळातच बुद्धिमान. तोही साचाच, फक्त आपल्याला गोड लागतो.)

खेकड्याची गोष्ट सांगणाऱ्याने कुर्ल्या, म्हणजे खेकडे, कधी विकत घेतल्या नसाव्यात. म्हणे टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक चढला की बाकीचे खाली ओढतात. बंदरावरची मावशी मला दर वेळी बजावते, ‘झाकाण काढू नको हां, सगळ्यो पळतल्यो.’ शिवाय डेंगे (नांग्या) दोऱ्याने बांधून देते ते वेगळंच. हीच गोष्ट फिलिपिन्समध्ये फिलिपिनो लोक स्वतःबद्दल सांगतात. टोपली तीच, फक्त गाव बदलतं.

‘इथली माणसं एकत्र येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी अलिबागजवळच्या चरीचं नाव ऐकावं. १९३३ साली तिथल्या नि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप केला, जमिनी कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप सुमारे सहा वर्षं चालला. पोटाला चिमटा काढून सहा वर्षं. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९नंतर. बांधावरून भांडणारी माणसं आमच्याकडे आहेतच. पण तीच कुळं सहा वर्षं एका बाजूला उभीही राहिली. कोणता खेकडा खरा?

‘अनुभवातून पडतात’ यावर फार बोलत नाही. घाटावरच्या व्यापाऱ्याने फसवलं की आपण म्हणतो, ‘घाटी असेच.’ आपल्या वाडीतल्याने फसवलं की त्याचं नाव घेऊन शिव्या देतो. दोन्ही अनुभवच, पण साचा एकाचाच पडतो.

राहिला उपयोग. हा मुद्दा मी सरसकट उडवणार नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडताप पसरला, रानातल्या गोचिडी चावून होणारा, तेव्हापासून त्या भागात ताप घेऊन आलेल्याला डॉक्टर विचारणारच, ‘काजूच्या बागेत गेला होतास का?’ हा ठोकताळाच आहे आणि तो जीव वाचवतो. पण तो प्रश्न असतो, आणि पुढे रक्त तपासायला जातं. साच्याचं तसं नाही. ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द मूळ छापखान्यातला: जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतलेली अख्खी पाटी. एकदा ओतली की त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही.

माझंच सांगतो. बागेच्या राखणीला नेपाळी माणूस हवा, प्रामाणिक असतात, रात्र जागतात, हा माझा साचा. चांगल्या मनानेच बाळगलेला. त्याप्रमाणे एकाला तीन हंगाम हातात बॅटरी देऊन बसवला. वेळ वाचला, चौकशी केली नाही. चौथ्या वर्षी एका जुन्या कलमाची वाळकी फांदी त्याने न सांगता कापली. काप इतका साफ, वर बोर्डो पेस्ट (बुरशी लागू नये म्हणून लावतात ती) लावलेली, की मी विचारलं कुठे शिकलास. ‘घर में सेब है, शेठ.’ नेपाळातल्या जुमल्याचा तो, लहानपणापासून सफरचंदाची छाटणी करत आलेला. आणि त्या तीन वर्षांत मी छाटणीला बाहेरून माणसं आणून मजुरी मोजत होतो.

आता करवत त्याच्याकडे आहे. रात्रीच्या राखणीला आमच्याच वाडीतला एक मुलगा ठेवलाय. तो पहाटे झोपतो. मेसेज पाठवणाऱ्यांना एवढं कळवू नका.