फुकट बिऱ्हाड थाटण्याची विद्या

दुसऱ्याच्या घरात घुसून जन्मभर फुकट राहायचं मनात असेल, तर वकील गाठू नका. हर्पिस या विषाणू-घराण्याची शिकवणी लावा. पन्नाशीच्या आतली साडेतीन अब्जांहून जास्त माणसं ही एकट्या हर्पिस सिम्प्लेक्स-१ ची घरं आहेत, आणि एकदा शिरलेलं हे बिऱ्हाड पुरतं बाहेर काढणारं औषध अजून निघालेलं नाही.

पहिलं म्हणजे रिकाम्या हातांनी जाऊ नये. सिम्प्लेक्स येतानाच ‘व्हीएचएस’ नावाचं प्रथिन पिशवीत घालून आणतो. उंबरा ओलांडला की ते पेशीचे आरएनए-निरोप फाडत सुटतं. इंटरफेरॉन म्हणजे शेजाऱ्यांना घातलेली हाक. तिची चिठ्ठीच फाटली तर हाक घालणार कोण? यात आपल्याही थोड्या चिठ्ठ्या फाटतात. चालायचंच.

मग केंद्रकातले रखवालदार. पीएमएल प्रथिनांचे ठिपके परका डीएनए दिसताच त्याला घेराव घालतात. त्यांच्याशी हातघाईवर येणं अडाण्याचं काम. सिम्प्लेक्सचं ‘आयसीपी-०’ हे प्रथिन त्यांच्या पाठीला युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटवतं, जिचा अर्थ ‘हा कचरा’. पुढचं काम पेशीची स्वतःची सफाई यंत्रणा इमानेइतबारे करते. रखवालदार घंटागाडीत! घरमालक फारच चिडला तर ‘पीकेआर’ या आपल्या पहारेकरी प्रथिनाकरवी स्वतःचीच चूल विझवतो: प्रथिनं बनवणंच बंद, मी उपाशी तर तूही उपाशी. तेव्हा ‘आयसीपी ३४.५’ या आपल्या दुसऱ्या प्रथिनाला पुढे करा. ते घरातलंच एक विकर हाताशी धरून चूल पुन्हा पेटवतं. काडी मालकाची, लाकडं मालकाची.

पण खरं शिकायचं असेल तर याच घराण्यातल्या सायटोमेगॅलोव्हायरसच्या पायाशी बसा. प्रत्येक पेशी आत काय शिजतंय याचे नमुने एमएचसी नावाच्या तबकात घालून खिडकीत मांडते, आणि प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते तपासत फिरतात. या गुरूने तबकंच मोडीत काढली. झालं? कुठलं! रिकामी खिडकी दिसली की नैसर्गिक मारक पेशी संशयाने दार फोडतात. म्हणून त्याने ‘यूएल-१८’ हे नकली तबक मांडलं. वर ‘यूएल-४०’ मधून असा एक तुकडा पुरवला की एचएलए-ई नावाचं तबक भरलेलं दिसत राहावं आणि मारक पेशीने ‘सगळं ठीक’ म्हणून पुढे जावं. एक लबाडी झाकायला दुसरी, दुसरीसाठी तिसरी. आपल्याकडे याला अनुभव म्हणतात.

यात एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसकडेही ‘एम-१५७’ नावाचं असंच नकली ओळखपत्र आहे. काही जातींच्या उंदरांत ते मारक पेशींना गप्प बसवतं. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांच्या मारक पेशींवर मात्र जवळपास तसाच दिसणारा, पण उलट्या कामाचा ग्राहक (ओळखपत्र तपासणारा रिसेप्टर) आहे: हेच ओळखपत्र दिसलं की हल्ला! अशा घरात हट्टाने तेच कार्ड दाखवत राहणारे मरतात. ज्यांच्या कार्डावरची छपाई चुकून बिघडलेली असते, त्यांचा वंश पुढे चालतो. तेव्हा नक्कल करताना थोड्या चुका होऊ द्याव्यात.

आणि शेवटी, सारखं दिसत राहू नका. याच घराण्यातला कांजिण्यांचा विषाणू लहानपणी चार दिवस धुमाकूळ घालतो आणि मग मणक्याजवळच्या चेतागंडात, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यात, निजतो. पन्नास वर्षांनी पहारा ढिला पडला की एका मज्जातंतूची वाट धरून कातडीवर येतो. आपण त्याला नागीण म्हणतो. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं घरातल्या आजी सांगतात. पुरळ सहसा अंगाच्या एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबतं, पण हे तुम्ही होऊन कुणाला सांगू नका. लोकांना गेरू फासू द्या, मांत्रिकाला उतरवू द्या. दोन ते चार आठवड्यांत फोड आपसूक सुकतील आणि नारळ मांत्रिकाला मिळेल. श्रेयासाठी भांडू नका. मुकाट आपल्या गंडात परत जाऊन पांघरूण ओढा.