संध्याकाळचे सात आणि कोळशाचा संच

कोळशाच्या विजेचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. कोळसा सोडला तर गरीब देश अंधारात जाईल, हा एक. सगळ्या प्रकल्पांना आजच टाळं ठोका, हा दुसरा. मला दोन्ही पटत नाहीत. घड्याळ पाहिल्याशिवाय हा प्रश्न कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

भर दुपारी सौर वीज मुबलक असते, तेव्हा कोळशाच्या संचाला (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) भार उतरवायला, म्हणजे वीजनिर्मिती कमी करायला सांगतात. पण बॉयलर म्हणजे शेगडी नव्हे, की कान पिळला आणि आच कमी झाली. भारतात संचाचा किमान भार पूर्ण क्षमतेच्या 55 टक्के धरतात. फार खाली गेलं तर भट्टीतली ज्योत डगमगते आणि ती टिकवायला महागडं तेल जाळावं लागतं. सूर्य मावळला, घरोघरी दिवे लागले, की तोच संच थोड्या वेळात पूर्ण भारावर न्यायचा. बॉयलरच्या नळ्या रोज तापतात, निवतात, पुन्हा तापतात. मग एखादी नळी गळते आणि अख्खा संच बसतो. थंड पडलेला संच पुन्हा ग्रिडला, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्याला जोडायला कित्येक तास जातात. तोवर भारनियमन, आणि त्याचा फटका इन्व्हर्टर परवडत नाही त्यांनाच.

म्हणून चालू संचांना नुसत्या शिव्या घालणं मला मान्य नाही. आज संध्याकाळचे सात तेच सांभाळतात.

त्याची किंमतही बघा. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे साधारण दोन भरलेल्या मालगाड्या. भारतीय कोळशात बऱ्याचदा 30 ते 40 टक्के राख असते. म्हणजे एका संचाची रोज दोन-तीन हजार टन राख! ती राख साठवणीच्या बंधाऱ्यात जाते, उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते आणि शेजारच्या गावांच्या पिकांवर, पाण्यावर, छातीत बसते. वीज शेकडो किलोमीटर लांब जाते, राख तिथेच राहते. हा अन्याय आहे. ‘विकासासाठी एवढं सोसावं लागतं’ असं म्हणणाऱ्यांनी त्या बंधाऱ्याशेजारी एक मे महिना काढावा.

आता पाकिस्तानातलं साहिवाल घ्या. पंजाबच्या सुपीक, कालव्याच्या शेतीत 2017 साली 1,320 मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, तोही आयात कोळशावर. कोळसा कराचीच्या बाजूला समुद्रमार्गे उतरवायचा आणि रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर ओढत न्यायचा. वीज घ्या किंवा नका घेऊ, क्षमतेचे पैसे द्यायचेच, असे त्या देशाचे दीर्घ मुदतीचे करार. दर चढत गेले, तसे लोकांनी छपरांवर सौर पॅनेल चढवले. 2024 या एका वर्षात तिथे सुमारे 17 गिगावॅटची, म्हणजे 17,000 मेगावॅटची पॅनेल आयात झाली. ज्यांना परवडलं ते ग्रिडपासून सुटत चालले, आणि क्षमतेच्या त्या ठरलेल्या पैशांचं ओझं उरलेल्यांच्या बिलावर. नवा कोळसा प्रकल्प बांधणं म्हणजे 25-30 वर्षांचं देणं अंगावर घेणं, ते असं. धूर तर आहेच, पण गरीब देशाचं कंबरडं या करारांनी मोडतं.

दुसरं टोक दक्षिण आफ्रिकेतलं कोमाती. 1961 साली सुरू झालेलं हे कोळशाचं वीज केंद्र 31 ऑक्टोबर 2022 ला बंद झालं. त्याच्या जागी 150 मेगावॅट सौर, 70 मेगावॅट पवन आणि 150 मेगावॅटचा बॅटरी साठा येणार होता. जागतिक बँकेने 49.7 कोटी डॉलरही मंजूर केले. पण शेवटचा संच थांबला त्या दिवशी यातलं काहीच उभं नव्हतं. केंद्राच्या जिवावर चालणारी आसपासची माणसं मात्र तिथेच होती, हातचं काम गेलेली. पुढच्या वर्षी देशात 300 हून जास्त दिवस भारनियमन झालं. त्याची मुख्य कारणं इतर केंद्रांतले बिघाड, हे खरं. पण लोकांच्या मनात ‘हरित ऊर्जा म्हणजे रोजगार जाणे’ हे समीकरण पक्कं बसलं ते कोमातीमुळे.

जुन्या केंद्राची खरी दौलत मला चिमणीत दिसत नाही. ती त्याच्या स्विचयार्डात, म्हणजे केंद्राची वीज ग्रिडला जोडणाऱ्या आवारात आहे, दूरवर गेलेल्या पारेषण वाहिन्यांत आहे, हाताशी असलेल्या जमिनीत आणि तिथल्या कुशल माणसांत आहे. नव्या कोळसा करारावर सही नको. चालू संच थांबवण्याआधी त्याच स्विचयार्डाला बॅटऱ्या जोडा, तिथल्याच ऑपरेटरना त्या चालवायला शिकवा, राख बंधाऱ्याचा बंदोबस्त करा. त्या बॅटऱ्यांवर एक अख्खा उन्हाळा संध्याकाळचे सात निभावून दाखवा. मग बॉयलर विझवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन.