गलवानचे खापर करारांवर फोडण्यापूर्वी

चीनचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. १९९३ आणि १९९६ च्या सीमाकरारांमुळे आपले जवान लडाखच्या गलवान खोऱ्यात निःशस्त्र गेले, या करारांतून काहीच साधले नाही, त्यांनी आपली जमीन सोडली आणि फक्त आपलेच हात बांधले, म्हणून ते रद्द करावेत, असा त्याचा आशय असतो. १५ जून २०२० च्या रात्री तेथे चिनी सैनिकांशी झालेल्या दगड-दंडुक्यांच्या झटापटीत कर्नल संतोष बाबूंसह २० जण धारातीर्थी पडले, त्याचा संताप या मजकुरामागे आहे आणि तो रास्तच आहे. म्हणूनच तो चुकीच्या ठिकाणी वळवला जाऊ नये.

पहिला मुद्दा निःशस्त्र असण्याचा. घटनेनंतर तीनच दिवसांनी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जाहीरपणे सांगितले की, सीमेवरचे जवान ठाणे सोडताना नेहमीच शस्त्रे बाळगतात आणि गलवानमधील जवानांकडेही ती होती. समोरासमोर आल्यावर बंदुका न वापरण्याची प्रथा मात्र १९९६ आणि २००५ च्या समझोत्यांनुसार चालत आली आहे. १९९६ च्या कराराचे सहावे कलम प्रत्यक्ष ताबारेषेपासून, म्हणजे दोन्ही सैन्यांच्या ताब्यातील भूभाग वेगळे करणाऱ्या रेषेपासून, दोन किलोमीटरच्या आत गोळी झाडणे, स्फोट घडवणे, घातक रसायने वापरणे, इतकेच काय बंदुकीने शिकार करणेही दोन्ही बाजूंना मना करते. शस्त्र जवळ बाळगण्यास ते मनाई करत नाही. दगड आणि दंडुके यांचा मात्र त्यात विचारच नव्हता, आणि ही उणीव त्या रात्री फार महागात पडली.

‘काहीच साधले नाही’ हे म्हणणे त्याहून गंभीर आहे, कारण त्यासाठी करारांपूर्वीचा काळ विसरावा लागतो. सप्टेंबर १९६७ मध्ये सिक्कीममधील नथू ला खिंडीत आपले जवान काटेरी तारेचे कुंपण घालत होते. त्यावरून शाब्दिक वाद झाला, मग धक्काबुक्की, आणि मग चिनी मशीनगनांनी उघड्यावर उभ्या असलेल्या जवानांना टिपले. त्यानंतर तोफांचा मारा काही दिवस चालला आणि त्या लढाईत व लगोलग झालेल्या चो ला येथील लढाईत मिळून आपले ८० हून अधिक जवान गेले. ऑक्टोबर १९७५ मध्ये अरुणाचल प्रदेशातील तुलुंग ला येथे आसाम रायफल्सच्या चार जवानांना दबा धरून मारण्यात आले. त्यानंतर गलवानपर्यंत, म्हणजे सुमारे ४५ वर्षे, या सीमेवरील चकमकीत एकही जीव गेला नाही. या शांततेचे सगळे श्रेय करारांना देता येणार नाही. १९७५ ते १९९३ ही वर्षे तर करारांविनाच गेली. पण लडाखमध्ये २०१३ मध्ये देपसांगला आणि २०१४ मध्ये चुमारला दोन्ही सैन्ये कित्येक दिवस समोरासमोर होती. अशा वेळी कोणी काय करायचे, हे ठरलेले होते: थांबायचे, परत जाण्यास सांगणारा फलक उलगडून दाखवायचा आणि वाद ध्वजबैठकीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या बैठकीकडे, न्यायचा. नथू लाच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्यांना असा आधार नव्हता.

जमीन सोडल्याचा आरोप थोडक्यात निकालात निघतो. ताबारेषेच्या उल्लेखामुळे सीमाप्रश्नावरील दोन्ही देशांच्या भूमिकांना बाध येत नाही, असे १९९३ च्या करारातच लिहिलेले आहे.

राहिला हात बांधल्याचा मुद्दा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आपल्या सैन्याने लडाखमधील पँगाँग सरोवराच्या दक्षिणेकडील कैलास रांगेची शिखरे ताब्यात घेतली, तेव्हा हे सारे करार अस्तित्वात होते आणि त्यांनी आपल्याला अडवले नाही. चीनने ताबारेषेजवळ प्रचंड सैन्य आणले तेव्हा भारताने, तेथे कमीत कमी सैन्य ठेवण्याचे ठरवणाऱ्या, नेमक्या १९९३ च्या कराराच्या भंगावर बोट ठेवले. करार आपणच रद्द केले असते, तर हा आक्षेप घ्यायला आधारच उरला नसता आणि करार मोडणाऱ्याला त्याची मोकळीक आपल्या हातून मिळाली असती.

माझ्या मते खरा दोष करारात नसून त्यातील अपुऱ्या राहिलेल्या कामात आहे. ताबारेषा नेमकी कोठून जाते, यासाठी नकाशांची देवाणघेवाण करण्याचे बंधन १९९६ च्या दहाव्या कलमाने घातले होते. २००० मध्ये फक्त मध्य विभागाचे, म्हणजे सर्वांत कमी वादाच्या पट्ट्याचे, नकाशे दिले-घेतले गेले. पश्चिम विभागात, म्हणजे लडाखकडच्या पट्ट्यात, २००२ मध्ये प्रयत्न झाला आणि चीनने तो पुढे जाऊ दिला नाही. परिणामी एकाच नाल्यापर्यंत दोन्ही गस्तीपथके आपली हद्द समजून पोहोचतात. ऑक्टोबर २०२४ च्या समझोत्याने देपसांग आणि डेमचोक येथील गस्तीचा प्रश्न सोडवला, नकाशांचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीमानिश्चितीसाठी तज्ज्ञगट नेमण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले आहे. करार फाडण्याची मागणी करणाऱ्यांनी आपला सारा आवाज या गटासमोर पश्चिम विभागाचे नकाशे ठेवले जावेत यासाठी लावावा.