पूल हिरवा, पिंग होतं, तरी वेबपेज उघडत नाही: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंय की लोड बॅलन्सरच्या (आलेल्या मागण्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) बॅचमधली तुमची लॅब शेवटपर्यंत चालली नाही. बिग-आयपीवर, म्हणजे त्या लोड बॅलन्सरवर, पूल (मागच्या वेब सर्व्हरांचा गट) हिरवा दिसतो, व्हीआयपी (क्लायंट ज्या पत्त्याकडे येतात तो व्हर्च्युअल सर्व्हरचा पत्ता) पिंग होते, टेलनेटने ८० नंबरचा पोर्टही लागतो, पण ब्राउझर नुसता फिरत राहतो आणि शेवटी कनेक्शन रिसेट होतं. सर येऊन दुरुस्त करून देत नाहीत, ‘कॅप्चर लावा’ (जाणारी-येणारी पॅकेटं टिपून बघा) एवढंच सांगतात. आणि फी घेता तर चालू स्थितीतली तयार इमेज (उभारलेल्या लॅबची आयती प्रत) का देत नाही, असंही तुम्ही विचारलंय. नोकरी सांभाळून, हिंजवडीहून शिफ्ट संपवून क्लासला येणाऱ्या माणसाचा हा वैताग आहे. त्याला दोन ओळींत वाटेला लावणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

अभिप्रायासोबत तुम्ही वेब सर्व्हरच्या राउटिंग टेबलचा स्क्रीनशॉट टाकलाय. खरं तर उत्तर त्या एका चित्रातच आहे. तुमच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. एक लॅबच्या आतल्या नेटवर्कमध्ये, १०.२०.२०.११. दुसरं पॅकेजेस डाउनलोड करता यावीत म्हणून व्हीएमवेअरच्या नॅट नेटवर्कवर, व्हीएमनेट ८ वर. आणि डिफॉल्ट गेटवे या दुसऱ्या कार्डाकडे आहे.

आता तुमच्या लॅपटॉपवरून, म्हणजे १०.१०.१०.१ वरून, व्हीआयपीला निघालेल्या मागणीचं काय होतं ते बघा. स्टँडर्ड प्रकारचा व्हर्च्युअल सर्व्हर क्लायंटशी टीसीपीचा हँडशेक (कनेक्शन जुळवण्याची सुरुवातीची देवाणघेवाण) स्वतःच पूर्ण करतो आणि त्यानंतर मागच्या सर्व्हरकडे वेगळं कनेक्शन उघडायला जातो. म्हणून टेलनेटला पोर्ट लागलेला दिसतो. सर्व्हरपर्यंत गोष्ट पोचली की नाही, हे त्यावरून कळत नाही. पिंगचं तेच, व्हीआयपीच्या पिंगला बिग-आयपी स्वतःच उत्तर देतो. आणि पूल हिरवा दिसतो कारण हेल्थ मॉनिटर (सर्व्हर चालू आहे का ते तपासणारा) बिग-आयपीच्या आतल्या सेल्फ आयपीवरून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून, १०.२०.२०.५ वरून जातो. तो पत्ता सर्व्हरच्याच सबनेटमधला, त्यामुळे उत्तर सरळ परत येतं, गेटवेची गरजच पडत नाही. तुमच्या तिन्ही खुणा खऱ्या होत्या. पण त्यातली एकही क्लायंटचा पत्ता घेऊन सर्व्हरपर्यंत गेलेली नाही.

खरी मागणी मात्र क्लायंटचाच पत्ता घेऊन जाते, कारण तुमच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर सोर्स अॅड्रेस ट्रान्सलेशन (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलण्याची सोय) ‘नन’, म्हणजे बंद आहे. सर्व्हर बघतो की पॅकेट १०.१०.१०.१ कडून आलं. त्या नेटवर्कचा रूट त्याच्याकडे नाही, मग उत्तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे व्हीएमवेअरच्या नॅटकडे जातं. त्या गेटवेला या संभाषणाचा आगापिछा माहीत नाही, तिथे ते संपतं. बिग-आयपी वाट बघतो, पुन्हा सिन (कनेक्शन सुरू करणारं पहिलं पॅकेट) पाठवतो, आणि शेवटी तुम्हाला रिसेट मिळतो. सर्व्हरवर रिव्हर्स पाथची तपासणी (पॅकेट आलं त्याच कार्डातून उत्तर परत जाईल का, हे बघणं) कडक असेल तर उत्तर निघतसुद्धा नाही. आलेलं पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतो. अशा वेळी कॅप्चरमध्ये सिन येताना दिसतो आणि पुढे काहीच नाही, लॉगमध्येही बहुधा ओळ नसते. माणूस यात तासन्‌तास अडकतो आणि फायरवॉल बंद करत सुटतो.

उपाय तीन आहेत आणि तुमच्या लॅबला मी तिसरा सुचवेन. पहिला, सोर्स अॅड्रेस ट्रान्सलेशनमध्ये ‘नन’ऐवजी ऑटोमॅप लावायचा. सर्व्हरला मग बिग-आयपीचाच पत्ता दिसतो आणि उत्तर तिकडेच परत जातं. एका क्लिकचं काम आहे, पण वेब सर्व्हरच्या लॉगमधून खऱ्या क्लायंटचे पत्ते जातात. ते हवे असतील तर एचटीटीपी प्रोफाइलमध्ये एक्स-फॉरवर्डेड-फॉर (क्लायंटचा पत्ता मागणीसोबत पाठवणारा हेडर) चालू करावं लागतं. दुसरा, सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवेच बिग-आयपीकडे वळवायचा, आणि दोन बिग-आयपींची जोडी असेल तर फ्लोटिंग सेल्फ आयपीकडे (चालू असलेल्या बिग-आयपीकडे सरकणाऱ्या पत्त्याकडे). प्रत्यक्ष कामात ही रचना भरपूर दिसते. पण हे केल्याबरोबर सर्व्हरचे अपडेट बंद पडतात, कारण बिग-आयपी सांगितल्याशिवाय कुणाचं पॅकेट पलीकडे सोडत नाही. त्यासाठी फॉरवर्डिंगचा वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर बनवावा लागतो. तिसरा उपाय साधा: डिफॉल्ट गेटवे आहे तिथेच ठेवा, आणि १०.१०.१०.० च्या चोवीस बिटांच्या नेटवर्कसाठी १०.२०.२०.५ कडे एक स्टॅटिक रूट टाका. दोन्ही वेब सर्व्हरवर टाका, नाहीतर एकदा पान उघडेल आणि एकदा नाही.

आता तयार इमेजबद्दल. ती आम्ही देत नाही, देणारही नाही. तुमच्या लॅपटॉपवरचे व्हीएमनेट आमच्यापेक्षा वेगळे असतात. बिग-आयपीचं पहिलं कार्ड मॅनेजमेंटचं, दुसरं १.१, तिसरं १.२, इम्पोर्ट करताना हा क्रम भलत्या नेटवर्कला जोडला गेला की सेल्फ आयपीही पिंग होत नाही, आणि मग दुसऱ्याने उभारलेली लॅब उलगडत बसावी लागते. पण खरं कारण याहून मोठं आहे. कंपनीत नेमका हाच प्रसंग येतो. सर्व्हरची टीम सांगते आमच्याकडे रिक्वेस्टच येत नाही, नेटवर्कची टीम सांगते पूल हिरवा आहे, आणि रात्रीच्या ब्रिज कॉलवर सगळे तुमच्याकडे बघतात. त्या वेळी हातात कॅप्चर असेल तर चर्चा संपते. हे दुसऱ्याने चालू करून दिलेल्या लॅबवर शिकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. सरांनी तुमच्या कीबोर्डला हात लावला नाही तो यासाठीच. मी त्यांच्या पाठीशी आहे.

मात्र तुम्ही अडकलेले राहावेत असं आम्हाला मुळीच वाटत नाही. शनिवारी दुपारी लॅब सगळ्यांसाठी खुली असते, बॅच संपलेल्यांसाठीसुद्धा, आणि त्याची वेगळी फी नाही. लॅपटॉप आहे त्या स्थितीत घेऊन या. आधी रूट टाकू नका. बिग-आयपीवर टीसीपीडम्प (कॅप्चर करणारी कमांड) ०.० इंटरफेसवर लावला की आतली आणि बाहेरची पॅकेटं एकाच ठिकाणी दिसतात. त्याच वेळी सर्व्हरच्या दोन्ही कार्डांवर वेगवेगळा कॅप्चर लावा आणि ब्राउझर एकदा रिफ्रेश करा. सिन-अॅक (सिनला सर्व्हरचं उत्तर) कुठल्या कार्डातून बाहेर पडतो, की पडतच नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फाइल सेव्ह करा आणि मगच रूट टाका. मी स्वतः तिथे असेन. दुसऱ्या सर्व्हरचा कॅप्चर आपण सोबत वाचू.

– संचालक